पातीला लावलेलं घड्याळ

नगरजवळच्या नागापूरच्या शेडांमागं ज्वारी पिवळी पडायला लागली की मी तिकडं बघायचं टाळते. एमआयडीसीत दोन कंपाउंडांच्या मधे कुणीतरी हट्टानं पेरलेला एखादा तुकडा अजून असतो. एका बाजूला पत्र्याचं शेड, दुसऱ्या बाजूला टँकर धुवायची जागा, आणि मधे डोक्याएवढी उंच ज्वारी. सकाळी गार, दुपारी कानशिलं तापवणारं ऊन. वाऱ्यात कडब्याचा कोरडा वास आणि त्यातच पेंटशॉपचा. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते. मला स्टॉपवॉच आठवतं. काळ्या दोरीचं, गळ्यात अडकवायचं, कंपनीच्या ओळखपत्राखाली छातीवर आपटत राहणारं.

सरळ सांगते, मला असलं आठवणींचं लिहायची सवय नाही. मी पत्रकं लिहिते. पत्रक शिफ्ट सुटताना गेटवर वाटायचं असतं. घेणाऱ्या बाईच्या एका हातात डबा असतो, दुसऱ्या हातानं तिला बसची दांडी धरायची असते. म्हणजे वाचायला तिच्याकडं खरं तर हातच नसतो. म्हणून वाक्य आखूड हवं, अक्षर मोठं हवं, आणि काय करायचं ते पहिल्या चार ओळींत यायला हवं. हे मला जमतं. ओव्हरटाइमवर लिहिलं, बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही त्यावर लिहिलं. त्या कडीच्या पत्रकानं तर आठवड्यात कडी बसली.

पण गेले आठ दिवस एक पत्रक अडलं होतं.

तौसिफचा फोन आला होता. तौसिफ माझा जुना सहकारी, नगरच्या झेंडीगेटचा. आम्ही दोघं एकाच दिवशी पुण्यातल्या कन्सल्टिंग फर्ममध्ये लागलो. मी सोडली, तो अजून आहे. म्हणाला, "मनीषा, नाव विचारू नकोस, सांगणार नाही. पण पुढच्या सोमवारपासून नागापुरात एका ठिकाणी आमची माणसं येतायत. टाइम स्टडी."

"तू येणार आहेस?"

"मला आजारी पडायची लई सवय आहे, तुला माहितीय," असं म्हणून तो हसला आणि फोन ठेवला.

कंपनीचं नाव मला दुसऱ्या दिवशी गेटवरच कळलं. बायकांना सुपरवायझरनं सांगितलं होतं, पुण्याचे पाहुणे येणार आहेत, नीटनेटक्या या. पाहुणे! त्या बायकांना सोमवारच्या आत सांगायला हवं, की पाहुणे मागं घड्याळ घेऊन उभे राहिले की काय करायचं आणि काय नाही. मी कागद घ्यायचे आणि पेनाखाली दर वेळी एकच वाक्य येऊन बसायचं: एकमेकींना मदत करू नका. हिशेबानं ते बरोबर आहे. त्यानं नोकऱ्या वाचतील. आणि ते मला लिहवत नव्हतं.

का लिहवत नव्हतं, ते सांगायचं तर त्या मोसमात परत जावं लागतं.

कन्सल्टिंग म्हणजे काय, हे मला आईला कधीच समजावता आलं नाही. आम्ही नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले, डोंगरातले, भाताच्या मुलखातले. आई विचारायची, "म्हणजे तू करतेस काय?" मी म्हणायचे, "कंपन्यांना सल्ला देते." आई पदरात हसायची. "तुझा सल्ला? घरात कोन ऐकत न्हाई तो?" मग शेजारणीला सांगायची, पोरगी पुण्याला मोठ्या कंपनीत हाय, तिथं ती कंपन्यांच्या चुका काढती. आईची ही व्याख्या आमच्या फर्मच्या वेबसाइटपेक्षा पुष्कळ बरी होती.

इंजिनीअरिंग झालं होतं, सहा महिन्यांच्या परीक्षाकाळावर, म्हणजे प्रोबेशनवर, घेतलं होतं. फर्ममध्ये चकचकीत काचा, खाली कॉफीचं मशीन, आणि सगळ्यांच्या तोंडात एक घाई. दर शुक्रवारी एक तक्ता भरायचा: आठवड्यातला प्रत्येक पाव तास कोणत्या क्लायंटच्या कामी आला. पाव तास! संडासला गेलात तर तो कोणाच्या नावावर टाकायचा? तौसिफ म्हणायचा, "ज्याच्या कॅन्टीनचं खाल्लं त्याच्या." आम्ही हसायचो आणि मग गुपचूप तक्ता भरायचो. एखादा चौकोन रिकामा राहिला की शनिवार-रविवार तोच आठवत राहायचा. परीक्षाकाळातल्या पोरांचे रिकामे चौकोन कुणीतरी मोजतं, अशी सगळ्यांची समजूत होती. कोण मोजतं, ते कुणी पाहिलं नव्हतं.

मग नागापूरचं काम आलं. गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधणारा कारखाना, आता पुण्याचे पाहुणे येणार आहेत तोच. एका लांब पट्ट्यावर अकरा बायका, अकरा स्टुलं. पहिली वायरी मांडते, दुसरी टोकांना प्लग बसवते, असं करत सातवी टेप गुंडाळते आणि अकरावी सगळं तपासून खोक्यात ठेवते. माझं काम प्रत्येकीच्या मागं उभं राहायचं, घड्याळ दाबायचं, थांबवायचं, लिहायचं. कागदावर चार रकाने होते: काम, हालचाल, थांबणं, रिकामा वेळ. बाईचा प्रत्येक सेकंद या चारांपैकी एकात पडला पाहिजे.

माणसाच्या पाठीमागं उभं राहून त्याच्या हातांकडं बघणं फार वाईट. मान खाली घातलेल्या बाईच्या मानेवरचे केस दिसतात, मंगळसूत्राची गाठ दिसते, घाम दिसतो. ती तुम्हाला बघत नाही, पण तिच्या खांद्यांना तुम्ही कळता. पहिल्या सकाळी सगळे खांदे कानापर्यंत चढलेले. माझेही.

घड्याळ माझ्याही अंगात शिरलं. लॉजवर दात घासताना मनात आकडे चालायचे. जिना चढताना पायऱ्यांना सेकंद लागायचे. सुट्टीला घरी गेले तर आई भाकरी थापत होती आणि मी मोजत होते, तिसऱ्या भाकरीला तिला जास्त वेळ लागला, कारण मधेच तिनं मला विचारलं, "बारीक का झालीस?" आणि माझ्या डोक्यानं तो प्रश्न 'थांबणं' या रकान्यात टाकला. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. तौसिफ तर एकदा कपावर हात ठेवून म्हणाला होता, "बाई, माझे चहाचे घोट मोजतेयस तू. बंद कर."

अकराव्या स्टुलावर सुशीलाकाकू होत्या. विळदच्या बाजूच्या, पन्नाशीच्या आसपास, कंत्राटावर आठ वर्षं. हात इतके चपळ की घड्याळ दाबून वर बघेपर्यंत जुडगा खोक्यात. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला हाक मारली.

"ए घड्याळवाली, जेवलीस का? का त्येबी मोजून जेवतीस?"

बायका हसल्या. काकूंनी डब्याच्या झाकणात हुरडा दिला. मी अकोल्याची आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हंजी भातखाऊ. मंग तुला ज्वारीचं काय कळनार." तेव्हापासून मी भातखाऊ. आणि त्या दिवसापासून लाइनवरचे खांदे जरा उतरले.

ज्वारीचं मला त्यांनीच शिकवलं. काढणीला बायका शेताच्या एका बांधाला ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला काही तासं, म्हणजे ज्वारीच्या ओळी, येतात, ती तिची पात. सगळ्या एकदम सुरुवात करतात. पण हात सारखे नसतात. कुणी पुढं जाते, कुणी मागं राहते. जिची पात आधी संपते ती बांधावर बसत नाही. ती वळते, आणि सगळ्यांत मागं राहिलेलीच्या पातीत समोरून उपटत येते. दोघी मधे कुठंतरी भेटतात. मग सगळ्या मिळून पाणी प्यायला.

"मागची तशीच ठेवून पानी प्यायचं? घशाखाली उतरंल का?" काकू म्हणाल्या होत्या.

हीच रीत त्यांनी शेडमध्ये आणली होती. कुणी ठरवलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. सातव्या स्टुलावर अलका होती. तिचं डावं मनगट स्कूटरवरून पडल्यापासून अधू. टेप गुंडाळताना तासाभरात सुजायचं. लाइन तिच्यापाशी तुंबायची. तुंबली की काकू अकराव्या जागेवरून उठायच्या, अलकाच्या शेजारी उभ्या राहायच्या, दोन जुडगे तिला गुंडाळून द्यायच्या आणि परत जागेवर. लाइन सुटायची. अलका मान वरही करायची नाही. दिवसात असं वीसेक वेळा.

चौथ्या दिवशी अलकाकडून परत येताना काकू माझ्यापाशी थांबल्या. कागदाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ह्येबी लिव्ह बाय. मी उठून जाते, हात देते, त्ये लिव्ह. आठ वर्सं करती, पन कोनी कदी लिवलं न्हाई. सायबांना कळू दे की."

त्यांना वाटत होतं, लिहिलं गेलं म्हणजे कायम करतील. डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. मी म्हणाले, "लिहिते, काकू."

कुठल्या रकान्यात, हे मला तेव्हा खरंच कळत नव्हतं. त्या आपल्या स्टेशनवर नव्हत्या, म्हणजे 'काम' नाही. थांबलेल्याही नव्हत्या. मी निखिल सरांना फोन केला. निखिल सर आमचे टीमलीडर. वाईट माणूस असते तर लिहायला सोपं गेलं असतं. तसे नव्हते. पुण्याला जाताना आम्हाला गाडीत घ्यायचे, सुप्याला थांबून वडापाव चारायचे, माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी न मागता सुट्टी दिली होती. म्हणाले, "स्वतःच्या स्टेशनवर नाही ना? मग सोपं आहे. तिच्याकडं वेळ शिल्लक आहे. रिकामा वेळ." आणि वर म्हणाले, "गुड कॅच, मनीषा."

मी लिहिलं. वीसच्या वीस वेळा. सुबक अक्षरात, काकूंनी सांगितलं म्हणून जरा जास्तच काळजीनं लिहिलं. एकही फेरी सोडली नाही.

मी इथं थांबून कुणाला तरी शिव्या द्याव्यात, अशी माझी फार इच्छा आहे. पत्रकात मी तेच करते. व्यवस्था म्हणते, मालक म्हणते, उद्गारचिन्ह टाकते. पण ते पेन माझं होतं आणि शाई ओली असताना मला आत कुठंतरी कळलं होतं. परीक्षाकाळाचा शेवटचा महिना होता. चौकोन भरलेले हवे होते. एवढंच. याला उद्गारचिन्ह लागत नाही.

प्रेझेंटेशनला माझं निरीक्षण एका अख्ख्या स्लाइडवर आलं. अकरावं स्टेशन तांबड्या रंगात. क्लायंटचे साहेब पुढं वाकून बघत होते. दहावं आणि अकरावं एकत्र करता येईल, असं निखिल सरांनी दाखवलं. कुणाचं नाव नव्हतं त्यात. नाव कधीच नसतं, आकडा असतो. टाळ्याबिळ्या नाहीत, पण बाहेर आल्यावर सरांनी पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात मला कायम केलं. काकूंना नव्हे, मला.

महिनाभरानं पाहणीसाठी परत गेलो. ज्वारी निघून गेली होती, कंपाउंडमागं नुसती ढेकळं राहिली होती. शेडमध्ये दहा स्टुलं. अकरावं कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांवर उलटं घातलेलं, त्याच्या एका पायाला काकूंनी बांधलेली चिंधी तशीच, डबा अडकवायची. मी कुणाला विचारलं नाही. शेजारच्या बाईनं आपणहून सांगितलं, "गेटवरच सांगितलं त्येंला, उद्यापासून येऊ नका म्हून. आत येऊन डबाबी घेऊ दिला न्हाई."

आणि अलका. टेप गुंडाळता गुंडाळता तिची मान मधेच उजवीकडं वळायची, लाइनच्या शेवटाकडं. सवयीनं. तिथं काही नाही हे कळायचं, आणि मान परत खाली. मी घड्याळ हातात धरून ते पाहिलं. ती मान वळायला किती वेळ लागतो, ते मला आजही सांगता येईल. दोन-तीन महिन्यांनी अलकानंही सोडलं. 'स्वतःहून', असं तिथल्या कागदावर आहे.

मी तडकाफडकी राजीनामा फेकला, असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. आणखी पाच महिने मी तिथंच होते, दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या लाइनींमागं. मग एक दिवस तक्त्यातले चौकोन भरायला बोट उठेना. घरी महिनाभर नुसती बसून होते. नंतर नगरला आले, इथल्या कामगार बायकांच्या संघटनेत लागले, पत्रकं लिहायला. पहिल्याच बैठकीला समोर सुशीलाकाकू. मला बघून उभ्याच राहिल्या आणि सगळ्यांना सांगू लागल्या, "ही आपली पोरगी! कंपनीकडून आल्ती, पन आमच्याशी लई नीट बोलायची. बसून जेवायची आमच्यात."

बायकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी खाली बघितलं. त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी काकूंच्या घरी जेवले, त्यांच्या नातवाच्या बारशाला गेले, त्यांना माझी पत्रकं वाचून दाखवली. ते एक सोडून सगळं सांगितलं. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी. आणि दर वर्षी ज्वारी पिवळी पडली की मी नजर वळवायचे.

काल शनिवार होता. पत्रक सोमवारी सकाळी गेटवर हवं. मी कोरा कागद बॅगेत टाकला आणि पहिल्या बसनं काकूंच्या शेतावर गेले. त्यांचं स्वतःचं एकरभर आहे. काकूंसकट चार बायका आधीच पाती धरून उभ्या होत्या. काकूंनी माझ्या तळव्यांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि कडेची पात दिली.

ज्वारी उपटणं हे तुमच्या-माझ्या कमरेचं काम नाही. जमीन तडकलेली, मूळ धरून बसलेलं. बुडाशी धरायचं, अंग मागं टाकायचं, हिसका. माती चेहऱ्यावर. पानांच्या कडा मनगटाला कापत जातात. अर्ध्या तासात चिंधीखाली फोड आले. चौघी पुढं निघून गेल्या. मला नुसती त्यांची बोलणी ऐकू येत होती, मग तीही नाही. मी मागं राहिले, आणि मला कळलं आता काय होणार. काकूंची पात संपली. त्या वळल्या. माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला वाकल्या आणि समोरून उपटत येऊ लागल्या.

आधी नुसती ज्वारी हलताना दिसत होती. मग डोक्यावरचा पदर दिसला. मग हात. त्या जवळ येत होत्या. भेटायच्या आत सांगायला हवं. एकदा पात संपली की सगळ्या मिळून पाणी, मग भाकरी, मग हसणं, मग पुढच्या वेळी.

"भातखाऊ, कंबर मोडली का गं?"

"काकू, एक सांगायचंय."

"सांग की. हात चालू ठिव."

मी हात चालू ठेवून सांगितलं. तुम्ही लिव्ह म्हणालात ते मी लिहिलं होतं. पण रिकामा वेळ म्हणून लिहिलं. त्याच कागदावरून तुमचं स्टूल काढलं. कागद माझा होता.

त्यांचे हात थांबले. मुठीत उपटलेली ज्वारीची ताटं तशीच, मुळांची माती खाली गळत होती.

"रिकामा?" त्या म्हणाल्या.

"हो."

"अलकीचं मनगाट सुजायचं. तवा मी उटायची."

"हो."

"त्ये तू बघत हुतीस."

"हो, काकू."

"बघत हुतीस, आन रिकामा लिवलंस."

"दुसरा रकाना नव्हता कागदावर."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "मंग वढायचा हुता येक," त्या म्हणाल्या. "पेन तुझ्याच हातात हुतं न्हवं?"

दोघींच्या मधे सात-आठ ताटं उरली होती. त्यांनी हातातली ताटं खाली ठेवली, पदर झटकला.

"येवढं तुझं तू काढ."

आणि त्या बांधाकडं गेल्या. बाकीच्या तिघी तिथं उभ्या होत्या, घागरीवर झाकण तसंच. कुणी पाणी घेतलं नव्हतं. मी वाकले. पहिलं ताट बुडाशी तुटलं.

"मुळासकट वढ," बांधावरून काकूंचा आवाज आला. "तोडू नको."

परतीच्या बसमध्ये मी कागद मांडीवर घेतला. चिंधी सोडली नव्हती, त्यामुळं अक्षर वाकडं आलं. तसंच छापणार आहे. मदत करू नका, हे वाक्य त्यात नाही. एक तक्ता काढलाय, चार रकान्यांचा, आणि पुढं पाचवा हातानं ओढलाय. त्याच्या डोक्यावर लिहिलंय: दुसरीला दिलेला हात. खाली लिहिलंय, की घड्याळवाल्याच्या कागदावर हा रकाना नसेल तर आधी ओढून घ्या, मग त्याला मागं उभं राहू द्या. याचा उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. सोमवारी बायका हा कागद घेतील की माझ्या तोंडावर परत टाकतील, तेही माहीत नाही. कारण पत्रकाच्या शेवटी नेहमी संघटनेचं नाव असतं, तिथं या वेळी माझं आहे. आणि पहिली ओळ अशी आहे: मागच्या वेळी तुमच्या पाठीमागं घड्याळ घेऊन उभी होते, ती मी.